अक्काचं काजळ

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. भाच्याला तर नाहीच. मुंबईच्या इस्पितळातल्या दोन डॉक्टरांना अर्धं ठाऊक आहे — एक जुना रिपोर्ट चुकला होता, इतपत. रोज कुठे ना कुठे रिपोर्ट चुकतात. ते विसरलेही असतील. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही अक्काला ओळखत नव्हता. ओळखत असता तर सांगायला मी धजावलो नसतो. हेही आधीच कबूल केलेलं बरं.

अक्का माझी थोरली बहीण. धुळ्याच्या पुढे एका गावात तिला दिलेली. गेल्या थंडीत ती गेली. तेव्हापासून मी सकाळी लवकर उठून लिहायला बसतो, दोन-चार ओळी लिहितो, आणि मेहरूणच्या तलावाकडे फिरायला निघून जातो. परत आल्यावर त्या ओळी वाचतो. सगळ्या अक्काबद्दल चांगलं सांगणाऱ्या असतात. तिच्या हातची चव, तिचं हसणं. चांगलं लिहायला काय लागतं? मी वाचणारा माणूस आहे, शब्द सापडतात मला. नेमकं जे लिहायला बसलो होतो, ते मात्र राहून जातं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. जळगावात माझी लॅब आहे. डॉक्टर असूनही पेशंटचा चेहरा मी क्वचितच पाहतो. शरीरातून काढलेला तुकडा माझ्याकडे येतो. तो मेणात बसवून त्याची छोटी वडी करायची — आम्ही तिला ब्लॉक म्हणतो — तिचा अगदी पातळ काप काचेवर घ्यायचा, एक गुलाबी आणि एक जांभळा असे दोन रंग द्यायचे, आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. सगळं आयुष्य त्या दोन रंगांत गेलं. अक्का पहिल्यांदा लॅबमध्ये आली, माझ्या खुर्चीवर बसून मायक्रोस्कोपात डोकावली, आणि मला म्हणाली, “भाऊ, तुना डोया काचमझार, मना डोया चुल्हामझार. पगार मात्र तुलेच!” आणि माझ्या स्टाफसमोर पदर तोंडाला लावून हसत सुटली.

चुलीत डोळा म्हणाली, ते काजळामुळे. अक्का काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा, तीन विटा, वर पालथं घातलेलं सोनगीरच्या तांबटाकडचं ताट. ताटाला काजळी धरली की ती सुरीच्या पाठीनं खरवडून गाईच्या तुपात घोटायची. नात्यात, भावकीत, गल्लीत कुणाकडे मूल झालं की अक्काची डबी तिथे पोचलीच. बारशाला बाळाच्या डोळ्यांत पहिलं काजळ तिनं घालायचं, असं गावानं कधी ठरवलं नव्हतं. पण तसंच होत आलं. माझी मुलगी झाली तेव्हा ती एस.टी.नं डबी घेऊन जळगावला आली. माझी बायको पुण्याची. तिला हे पसंत नव्हतं. मी तिला आत नेऊन म्हटलं, “घालू दे. काही होत नाही.” तसं पाहिलं तर डोळ्यांचे डॉक्टर काजळ घालू नका म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात, डोळे येतात, खाज सुटते. पण मी तेव्हा म्हटलं — काही होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

अक्काच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर गाठ आली. ती म्हणायची रांजणवाडी आहे. शेकली, चंदन लावलं, ती जाईना. शेवटी धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुकडा काढला आणि ओळखीनं माझ्याकडेच पाठवला. त्यांनी सोबत फोनवर सांगितलं, “सर, बेसल सेल वाटतोय.” बेसल सेल म्हणजे कातडीचा असा कॅन्सर, जो जागा सहसा सोडत नाही. हळू वाढतो, नीट काढला की बहुतेकदा संपतो. कॅन्सर व्हायचाच असेल तर हा व्हावा, असं आम्ही आपसात म्हणतो. तुकडा अजून माझ्या मशीनमध्येसुद्धा गेला नव्हता, तेव्हा मी अक्काच्या घरी फोन करून सांगून टाकलं — साधं आहे, जागेवरच राहतं, घाबरू नका. पलीकडे भाच्यानं, दिनेशनं, फोन स्पीकरवर टाकला होता. सगळं घर एकदम बोलायला लागलेलं मला ऐकू आलं. कुणीतरी चहा ठेव म्हणालं. आपल्या शब्दानं एक घर असं हलकं होतं, ह्याचं सुख मोठं असतं — ते मी घेतलं.

मग काच पाहिली.

बेसल सेलसारखंच दिसत होतं ते. बरंचसं. जांभळ्या पेशींची बेटं, कडेला रांगेत उभ्या राहिलेल्या पेशी. पण रांग मध्येच मोडत होती. आणि दोन-तीन ठिकाणी पेशींच्या पोटात बारीक बुडबुडे होते, साबणाच्या फेसासारखे. तसे बुडबुडे चरबीचे असतात. पापणीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांचाही एक कॅन्सर होतो, आणि छोट्या तुकड्यात तो हुबेहूब बेसल सेलचं सोंग घेतो. तो मात्र जागेवर राहत नाही. कानासमोरच्या गाठींत जातो, मानेत जातो. बेसल सेल बहुधा खालच्या पापणीवर येतो. हा वरच्या पापणीवर जास्त. अक्काची गाठ वरच्या पापणीवर होती — हे मला ठाऊक नव्हतं का?

अशा वेळी करायचं काय, तेही ठरलेलं आहे. मार्कर लावायचे. मार्कर म्हणजे असं द्रव्य, जे ठरावीक प्रकारच्या पेशीलाच चिकटतं. चिकटलं की काचेवर तपकिरी रंग उमटतो, नाही तर जागा कोरी राहते. एक मार्कर सहसा बेसल सेलला चिकटतो, तेलग्रंथीच्या कॅन्सरला नाही. दुसरा बरोबर उलटा. दोन्ही शेजारी ठेवले की सोंग उतरतं. माझ्या लॅबमध्ये ती सोय नाही. ब्लॉक कुरियरनं मुंबईला पाठवायचा, आठ-दहा दिवस थांबायचं. काही अवघड नाही त्यात.

माझ्या हाताखाली स्नेहल नावाची तरुण डॉक्टर आहे. तिनं काच पाहून विचारलं, “सर, ब्लॉक मार्करला पाठवू का?”

मी काय म्हणालो सांगू? “तुमची पिढी सख्ख्या आईलासुद्धा मार्कर लावून ओळखेल.”

ती हसली. टेक्निशियनही हसले. डॉक्टरांच्या बैठकांत मी हा विनोद आधीही केलेला होता. डोळा तयार असेल तर मार्कर कशाला, असं म्हणणारा माणूस म्हणून माझी ओळख होती, आणि ती मला आवडायची. शिवाय — फोन करून झाला होता ना. आता पुन्हा फोन करून “थांबा, मला खात्री नाही” म्हणायचं? त्या घरात, जिथे मी एकटाच डॉक्टर? मी रिपोर्टवर बेसल सेल लिहिलं आणि सही केली. धुळ्याला तेवढ्या रोगापुरतं ऑपरेशन झालं. अक्काची पापणी छान शिवली गेली. महिन्याभरानं ती पुन्हा डोळ्यांत काजळ घालायला लागली.

तुम्हाला वाटेल, कबुली ती हीच. मलाही बरेच दिवस असंच वाटावंसं वाटत होतं. चूक होती, मोठी होती. पण चूक माणसाला कबूल करता येते. मी हिच्याभोवती इतका वेळ घोटाळतो आहे, त्याचं कारण पुढे आहे.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात अक्काच्या कानासमोर गाठ आली. सुईनं काढलेलं पाणी माझ्याकडे आलं, मग तुकडाही आला. ह्या वेळी बुडबुडे दोन-तीन ठिकाणी नव्हते, सगळीकडे होते. मी कपाटातून अक्काचा जुना ब्लॉकही काढला. नखाएवढी ती मेणाची वडी. दोन्ही एकत्र मुंबईला पाठवले. नाव घातलं नाही, फक्त लॅबचे नंबर. निकाल आला: दोन्ही ब्लॉक सारखेच. बेसल सेलला चिकटणारा मार्कर दोन्हींत कोरा. दुसरा दोन्हींत तपकिरी. पहिल्या दिवसापासून तोच रोग होता.

त्याच आठवड्यात दिनेश जळगावला आला. आम्ही लॅबबाहेरच्या टपरीवर उभे होतो. मग त्यानं विचारलं, “मामा, हे आधीचंच आहे का नवीन?”

मी म्हणालो, “रोगानं रूप बदललं.”

असं होत नाही. निदान इथे झालं नव्हतं.

तो कपाकडे बघत म्हणाला, “आई ऐकत नाही ना मामा. टाके निघाले का नाही, लागली काजळ भरायला. त्या काजळामुळेच झालं असेल का?”

मी चहाचा घोट घेतला. आणि म्हणालो, “असू शकतं.”

बस. हीच ती गोष्ट. दोन शब्द. त्यानं विचारलं नसतं तर माझ्या मनात काजळ आलंही नसतं. त्यानं ते आणून माझ्यापुढे ठेवलं, आणि मी ते उचललं. मी शपथेवर खोटं बोललो का? नाही. डॉक्टर “असू शकतं” शंभर वेळा म्हणतात. पण मला माहीत होतं की असू शकत नाही. दिनेशनं मान हलवली. त्याला बरं वाटलं असावं, कारण सापडलं म्हणून. मला त्याच्याहून बरं वाटलं.

तो घरी जाऊन आईवर ओरडला. मामा म्हणाले म्हणून सांगितलं.

मुंबईला मी बरोबर गेलो. तिथल्या डॉक्टरांपासून काही लपवलं नाही. जुन्या ब्लॉकचा निकालही त्यांच्यापुढे ठेवला, म्हणजे उपचारात चूक व्हायला नको. बघा, जिथे सांगून माझं काही जात नव्हतं, तिथे मी खरं सांगितलं. मोठे डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, म्हणजे सुरुवातीपासून हाच होता तर. अक्का आणि दिनेश माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर होते; दोघांनाही ते इंग्रजी कळलं नाही. अक्कानं मला कोपर लावून विचारलं, “काय म्हनतस त्या?”

“ऑपरेशन करू म्हणतात. मग शेक.”

“काजयनं काही म्हनतस का?”

“नाही.”

हे खरंच होतं. काजळाबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं. तिनं मान खाली घातली, आणि जणू मला सोडवण्यासाठी म्हणाली, “त्या तरी काय म्हनतीन. मनंच चुकनं, भाऊ. मना काजयनीच करं हाई बठ्ठं.”

आपल्या काजळानंच हे सगळं केलं, असं ती म्हणत होती. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, ती काय म्हणाली म्हणून. मी त्यांना सांगितलं — ती आभार मानते आहे.

ऑपरेशन झालं, शेक — म्हणजे रेडिएशन — झाला. तोंडाची एक बाजू जरा ओढली गेली. गावी परतल्यावर तिनं तांब्याचं ताट आणि विटा परसात नेऊन टाकल्या. मला वाटलं, चला, काजळ सुटलं, एका अर्थी बरंच. असं वाटायला मला काही अडचण आली नाही. मग एक दिवस तिचा फोन आला. तिनं गावातल्या पोरांची नावं घ्यायला सुरुवात केली. ज्यांना ज्यांना तिनं काजळ घातलं होतं, ती सगळी. काही आता कॉलेजात होती. शेजारची एक सासुरवाशीण तिला आडून विचारून गेली होती — अक्का, आमच्या बाळालाही तुमचंच काजळ होतं, काही होणार नाही ना?

अक्का म्हणाली, “तू डॉक्टर शेस ना? येकदाव ये आनि बठ्ठा पोरेसना डोया देखी ले.”

मी म्हणालो, “अक्का, त्यांना काही होत नाही.”

“मंग माले कसं व्हयनं, भाऊ?”

शिकलेली नव्हती ती. पण प्रश्न किती सरळ होता. तिनं दार सताड उघडून धरलं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. ‘अक्का, काजळामुळे नाही झालं. ते पहिल्यापासून होतं. मी ओळखलं नाही.’ एवढ्याला किती वेळ लागला असता?

मी म्हणालो, “वय झालं की होतं असं.” आणि लॅबमध्ये कुणीतरी बोलावतं आहे म्हणून फोन ठेवला. कुणीही बोलावलं नव्हतं.

त्याच साली दिनेशला मुलगी झाली. बारशाला आम्ही गेलो. अंगणात मांडव, मागे वरण-बट्टीचा घाट. निखाऱ्यांचा वास घरभर. पाळण्याभोवती बायका जमल्या. नाव ठेवून झालं, आणि मग सगळ्या सवयीनं मागे वळल्या. अक्का भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात पदराखाली.

एक म्हातारी म्हणाली, “अक्का, ऊठ ना व माय. काजय कोन लावी मंग? मी? माले तर पोर का पाळना ते बी दिखत नही!”

सगळ्या हसल्या. अक्काही हसली, तिच्या ओढलेल्या तोंडानं. म्हणाली, “मना हात नको.”

कुणी आग्रह केला नाही. हे मी पाहिलं. आग्रह करायला तोंडं उघडली होती, पण सुनेनं पाळण्याची दोरी घट्ट धरली, आणि ती तोंडं मिटली. मग सुनेच्या आईनं पिशवीतून दुकानातलं काजळ काढलं आणि बाळाच्या कपाळाला कडेला एक तीट लावली. अक्का लांबून बघत होती. तिनं त्या दिवशी नातीला घेतलंही नाही. पुढे घ्यायची, पण तोंड दुसरीकडे करून. हात आधी धुऊन, मग पदराला पुसून, मग पदर चालेल का म्हणून सुनेला विचारून.

मी पाळण्यापासून चार हातांवर उभा होतो. सगळं गाव तिथे होतं. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते सगळे. पण पानं मांडली, कुणीतरी “मामा, चला, मानाचं पान” म्हणून मला ओढून नेलं. मी बसलो. बट्टी छान झाली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

त्यानंतर फार दिवस नव्हते. रोग फुफ्फुसात गेला. मी दर रविवारी जायचो. पारोळ्यापर्यंत मनाशी ठरवत जायचो की आज सांगायचं; पारोळ्याच्या पुढे कारणं सुचायला लागायची. आता तिला कशाला त्रास. आता तिला काय समजणार. आता दिनेश काय म्हणेल. शेवटच्या एका रविवारी ती बरीच शुद्धीत होती. नात उंबऱ्यापाशी रांगत होती, अक्काकडे बघून हसत होती. अक्का मला म्हणाली, “तिना डोया कोरा दिखतस, ना भाऊ?” काजळाशिवायचे. मी म्हणालो, हो.

बस, हो म्हणालो.

पहिल्याच वेळी ब्लॉक मुंबईला पाठवला असता तर अक्का वाचली असती का? नक्की सांगता येत नाही. कदाचित. ह्या प्रश्नाशी मी पुष्कळ वेळ काढतो, कारण त्याला उत्तर नाही, आणि उत्तर नसलेल्या प्रश्नात बसून राहता येतं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे. तिचं शेवटचं दीड वर्ष, ते भिंतीला टेकून बसणं, ते पदराखालचे हात — ते ओझं मी एका वाक्यानं काढून घेऊ शकत होतो. कुठल्याही दिवशी. त्याला कुठला मार्कर लागत नव्हता.

परवा दिनेश भेटला. त्याच्या ओळखीत कुणाकडे बाळ झालं आहे. तो त्यांना सांगत होता, “काजळ अजिबात घालू नका. माझी आई त्यानंच गेली. आमचे मामा स्वतः डॉक्टर आहेत, तेच म्हणाले.” मी शेजारीच उभा होतो. त्या माणसानं आदरानं माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली.

जुना ब्लॉक अजून माझ्या कपाटात आहे. तांब्याचं ताट मी परसात शोधलं. भंगारवाला घेऊन गेला, असं सून म्हणाली. अक्काच्या काजळात एरंडेलाची काजळी होती आणि गाईचं तूप होतं. तिला हा रोग त्यामुळे झाला नव्हता. टपरीवर चहाचा घोट घेतला, तेव्हाही मला ते माहीत होतं.